अंगकोरला तीन दिवस द्या, आणि मे महिना सोडा

वाचकांचं पत्र

‘मी सांगलीची. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. वर्गात समुद्रमंथनाची गोष्ट सांगताना एका दिवाळी अंकातून कापून ठेवलेला अंगकोर वाटच्या शिल्पाचा फोटो मुलांना दाखवायचे. ते शिल्प एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय. हे ७२ वर्षांचे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला चांगलं चालतात पण जिना दिसला की थांबतात. अकरा वर्षांचा नातू बरोबर येतो म्हणतोय, त्याच्या सुट्टीसाठी मे महिना धरलाय. मुलाने एका टूर कंपनीची व्हिएतनाम-कंबोडिया अशी आठ दिवसांची सहल सुचवलीय. त्यात अंगकोरला एकच दिवस आहे. मला वाटतं आपलं आपण जावं, मुलाला वाटतं या वयात झेपणार नाही. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. व्हिसा कसा काढायचा, डॉलर किती न्यायचे, तिथे भारतीयांना डांबून ठेवल्याच्या बातम्या येतात त्यांचं काय? आणि मी कायम साडीच नेसते, ती चालेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

आपलं आपण जाणं तुम्हाला झेपेल. मे महिना झेपणार नाही. या दोन्हीबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही, म्हणून तेच आधी सांगून टाकते.

एप्रिल आणि मे म्हणजे कंबोडियातला सगळ्यात कडक उन्हाळा. पारा ३८-४० पर्यंत जातो आणि हवा दमट असते. सांगलीचा मे तुम्ही आयुष्यभर काढलाय हे खरं, पण सांगलीत दुपारी दारं लोटून पंख्याखाली पडता येतं. इथे तुम्ही घराबाहेर असणार, तापलेल्या दगडावर, आणि बरोबर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. मी एकदा मार्चच्या अखेरीस गेले होते. सकाळी दहालाच पायऱ्यांच्या कठड्याला हात लावणं नको वाटायचं. तेव्हा नातवाच्या दिवाळीच्या सुट्टीत जा. पावसाळा साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर जास्त. त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात येईल ते वर्ष सगळ्यात चांगलं. रान हिरवंगार, खंदक पाण्याने भरलेले आणि ऊन सोसवेल इतपत. नाताळच्या सुट्टीत हवा त्याहून सुखाची असते, पण जगभरातली गर्दी तेव्हाच लोटते आणि हॉटेलांचे दर चढतात.

आता सहलीचं. आठ दिवसांत दोन देश म्हणजे त्यातले निम्मे दिवस विमानतळावर आणि बॅगा भरण्यात जातात. अंगकोर म्हणजे एक देऊळ नाही. सुमारे ४०० चौरस किलोमीटरवर पसरलेला देवळांचा, तळ्यांचा, तटबंदींचा परिसर आहे. वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद एका दिवसात उरकायला निघाल्यासारखं होईल. तुम्ही ज्या शिल्पासाठी जाताय त्याच्यासमोर गाईड तुम्हाला पाच मिनिटं देईल आणि पुढच्या बसची वेळ सांगेल. इतकी वर्षं जपलेल्या कात्रणासाठी पाच मिनिटं नकोत. व्हिएतनाम सुंदर आहे, त्याच्यासाठी वेगळ्याने जा.

म्हणून माझं सांगणं असं: सिएम रीप या एकाच गावात राहा, सहा रात्री, एकाच हॉटेलात. बॅगा एकदाच उघडा. अंगकोरची देवळं या गावापासून सात-आठ किलोमीटरवर सुरू होतात. हॉटेल बघताना एवढंच विचारा: लिफ्ट आहे का किंवा तळमजल्यावर खोली मिळेल का, आणि खोलीत पाणी तापवायची किटली आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं कारण खाण्याशी येतं, ते पुढे सांगते.

मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून सिएम रीपला जाता येतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडलीत तर मधल्या विमानतळावर बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात, म्हणजे त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे तिथले प्रवेशाचे नियम आले. बँकॉकहून रस्त्याने जायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. २०२५च्या जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. प्रेआह विहेअर नावाचं डोंगरावरचं शिवमंदिर अप्रतिम आहे, पण ते नेमकं त्याच सीमेवर आहे. ते या वेळी यादीतून काढून टाका. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा.

तिकीट काढतानाच यजमानांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत आणि लांबलचक विमानतळावर पाय वाचतात. गुडघ्यात धातू बसवला असेल तर तपासणीच्या कमानीत तो वाजेल. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हाताशी असू द्या. आणि एक कागद तुमच्या पत्रात कुठे दिसला नाही म्हणून आवर्जून सांगते: नातू आई-वडिलांशिवाय परदेशी निघालाय. दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र इंग्रजीत करून घ्या आणि त्याच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. कुणी विचारलं नाही तर उत्तमच, पण विचारलं आणि नसलं तर विमान जाईल.

व्हिसाचा बाऊ करू नका. कंबोडियाचा टूरिस्ट व्हिसा घरबसल्या ऑनलाइन निघतो. मूळ फी ३० डॉलर, एकदाच प्रवेश, ३० दिवसांचा मुक्काम. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने हवी. फक्त अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा, त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट केएच’ असतं. गुगलवर शोधलं की हुबेहूब दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दलालांची पानं वर येतात. पासपोर्टवर नाव-आडनाव ज्या क्रमाने आहे तसंच भरा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यात असेल तर तेही सोडू नका. शिवाय २०२४पासून ‘कंबोडिया ई-अरायव्हल’ नावाचा फॉर्म विमानाने येणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत भरायचा आणि फुकट असतो. त्याचे पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा.

सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तो गावापासून ४०-५० किलोमीटरवर आहे. जुन्या लेखांत ‘विमानतळ गावाला लागूनच’ असं वाचाल, ते आता खरं नाही. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा, तासभर लागतो. घड्याळ दीड तास पुढे करा.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

अंगकोरचा पास तीन प्रकारचा आहे: एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तुम्ही दोघांनी तीन दिवसांचा घ्या. हे तीन दिवस सलग असायची सक्ती नाही, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. तुमच्यासाठी हीच मोठी सोय आहे, कारण मध्ये एक दिवस पाय पसरून बसता येईल. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून नातवाचा पासपोर्ट जवळ ठेवा. पासवर फोटो असतो आणि तो दुसऱ्याला चालत नाही. ‘अर्धा वापरलेला पास स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

पहिल्या दिवशी अंगकोर वाटला जाऊ नका. मला माहीत आहे, तुमचा जीव तिकडेच ओढ घेईल. पण प्रवासाने पाय सुजलेले असतात, डोळे अजून सरावलेले नसतात. पहिल्या सकाळी गाडी करून बांतेय स्रेयला जा. गावापासून साधारण ३५ किलोमीटर, रस्ता भातशेतीतून जातो. ठेंगणंसं, गुलाबी वालुकाश्माचं शिवमंदिर आहे. ९६७ साली त्याची प्रतिष्ठापना झाली आणि ते राजाने नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवलं. चढ नाही, फक्त उंबरे आहेत. कोरीव काम इतकं बारीक की लाकडात केलंय असं वाटावं. एका कमानीवर रावण कैलास हलवतोय: वर शंकराला बिलगलेली पार्वती, खाली घाबरलेले प्राणी आणि ऋषी. वेरूळच्या कैलास लेण्यातला तोच प्रसंग तुम्ही पाहिला असेल. तिथला रावण अंगावर येतो, इथला एखाद्या दागिन्यासारखा घडवलाय. नातवाला दोन्हींतला फरक शोधायला सांगा. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर साडेदहाला परत निघता येईल.

दुसरा दिवस अंगकोर वाटचा. सगळे लोक पहाटे पाचला पश्चिम दरवाज्यातून जातात, तळ्याच्या काठी उभे राहून सूर्योदयाचे फोटो काढतात आणि सातनंतर नाश्त्याला हॉटेलांकडे परततात. तुम्ही उलटं करा. निवांत सहाला निघा आणि ड्रायव्हरला सांगा, पूर्वेच्या दरवाज्यापाशी सोड आणि पश्चिमेला येऊन थांब. पूर्वेकडून झाडीतून मातीची सपाट वाट आत जाते, गर्दी नसते, आणि ती संपते तिथे पूर्वेची ओवरी येते. तुमचं समुद्रमंथन याच ओवरीच्या दक्षिण अर्ध्या भागात आहे. सकाळचं ऊन खांबांमधून तिरपं आत येतं आणि भिंतीवर पडतं.

शिल्प ४९ मीटर लांब आहे. तुमच्या कात्रणात बहुधा मधला तुकडाच असणार, सगळेजण तोच छापतात. प्रत्यक्षात तुम्ही एका टोकाला उभ्या राहिलात तर दुसरं टोक दिसत नाही. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, आणि सगळ्यांच्या हातांतून सलग गेलेला वासुकी. असुरांच्या डोक्यावर तुऱ्याची शिरस्त्राणं, देवांच्या डोक्यावर टोकदार मुकुट. मधोमध चतुर्भुज विष्णू, त्याच्यामागे मंदराचल आणि खाली कूर्म. वरच्या पट्टीत अप्सरांची रांग. देवांच्या बाजूला शेपटीचं टोक एका वानराने धरलंय. आपल्या गोष्टीत मंथनाला वानर नसतो, इथे आहे, आणि तो हनुमान असं बरेच जण मानतात. नातू नक्की विचारणार, म्हणून सांगून ठेवते.

पण तुम्ही खाली बघा. अगदी खालची पट्टी समुद्राची आहे: मासे, मगरी, कासवं. टोकाकडचे मासे निवांत पोहतायत. जसजसं मध्याकडे याल तशी त्यांची दाटी वाढत जाते, आणि मंदराचलाजवळ पाण्याला इतका वेग आलाय की मासे आणि मगरी मधून कापल्या गेल्यात. अर्धं धड एकीकडे, शेपूट दुसरीकडे. नऊशे वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाने विचार केला की एवढा समुद्र घुसळला तर त्यातल्या जिवांचं काय होत असेल. ते फोटोत कधीच दिसत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथल्या जोत्यावर बसून राहिले होते. तुम्हीही बसा, तास द्या त्याला. यजमानांना बसायलाही तिथे जागा आहे.

मग ओवरीने पुढे चालत राहा. दक्षिणेला यमाचा दरबार आहे, चित्रगुप्तासकट, खाली नरक आणि वर स्वर्ग. पश्चिमेला एका अंगाला कुरुक्षेत्र, शरपंजरी भीष्म सहज ओळखू येतील. दुसऱ्या अंगाला लंकेचं युद्ध. तुमची ही वाट प्रदक्षिणेसारखी असली तरी शिल्पं मूळ क्रमाने बघायची तर देवळाला डावी घालून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट चालावं लागतं. देऊळही पश्चिमाभिमुख आहे. अंत्यविधीशी या दोन्हींचा संबंध असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. बाराव्या शतकात दुसरा सूर्यवर्मा या राजाने हे विष्णूसाठी बांधलं, पुढे ते बौद्धांचं झालं आणि आजही पूजेत आहे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णूची उभी मूर्ती आहे, तिथे लोक ‘ता रीच’ म्हणून तिला उदबत्ती लावतात. बाहेर पडताना तिथे थांबून हात जोडा, कुणाला वावगं वाटणार नाही.

राहिला सगळ्यात वरचा मजला, बाकान. मूळच्या दगडी पायऱ्या भिंतीसारख्या उभ्या आहेत. आता त्यांच्यावर कठड्याचा लाकडी जिना बसवलाय, पण तोही ताठच आहे. यजमानांनी चढू नये. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, त्यामुळे नातूही नाही. आजोबा-नातू खालच्या अंगणात सावलीला बसतील आणि तुम्ही एकट्या वर जाऊन या. संकोच करू नका, हा प्रवास तुमचा आहे. फक्त दिवस ठरवताना कालनिर्णय काढा. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या हे बौद्धांचे उपोसथाचे, म्हणजे व्रताचे दिवस असतात, तेव्हा बाकान बंद असतं. तिथल्या पंचांगात एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी देवळांना पूर्ण सुट्टी द्या, आणि तो दिवस नातवाचा. सिएम रीपमध्ये ‘अपोपो’ या संस्थेचं केंद्र आहे. भूसुरुंग हुंगून शोधणारे मोठे आफ्रिकी उंदीर तिथे काम करताना दाखवतात. त्यांच्यातल्या मगावा नावाच्या उंदराला २०२०मध्ये शौर्याचं सुवर्णपदक मिळालं होतं. संध्याकाळी ‘फारे’ सर्कस आहे, तिच्यात प्राणी नाहीत, गरीब घरांतून आलेली, संस्थेच्या शाळेत शिकलेली मुलं कसरती करतात. तुम्ही नातवाला एवढे दगड दाखवणार आहात तर हा दिवस त्याच्या हक्काचा आहे.

चौथ्या दिवशी बायोन आणि ता प्रोह्म ही दोन देवळं. दोन्ही सातवा जयवर्मा या राजाने बांधलेली. बायोनच्या बुरुजांवरचे ते प्रचंड हसरे चेहरे सगळ्यांना माहीत असतात, तुम्ही बाहेरच्या ओवरीतली शिल्पं बघा. बाजार, कोंबड्यांची झुंज, बाळंतीण, चुलीवर शिजणारं अन्न असा साध्या माणसांचा संसार दगडात आहे आणि तो जमिनीवरूनच दिसतो, चढावं लागत नाही. ता प्रोह्म म्हणजे झाडांच्या मुळांनी मिठीत घेतलेलं देऊळ. त्याची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली आहे. याच खात्याने १९८६ ते १९९३ या काळात, तो देश युद्धातून सावरतही नव्हता तेव्हा, अंगकोर वाटवर काम केलं होतं.

रोज दुपारी अकरा ते तीन हॉटेलात. हे पाळाच.

नोम पेन्हला, म्हणजे राजधानीला जाऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी कुणीतरी सुचवेल म्हणून बोलते. तिथलं तुओल स्लेंग हे मूळचं एक हायस्कूल. ख्मेर रूज या जहाल साम्यवादी गटाच्या राजवटीत, १९७५ ते १९७९च्या दरम्यान, त्याचा छळतुरुंग केला गेला. वर्गांमध्ये विटांच्या कोठड्या बांधल्या होत्या. आता ते स्मारक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नये असं मला ठामपणे वाटतं, आणि आयुष्य वर्गात घालवलेल्या तुमच्यासारखीला ते किती लागेल हेही मी जाणते. पण एवढं लक्षात असू द्या की तिथे तुमच्या वयाचं जे कुणी भेटेल त्याने ती वर्षं काढलेली आहेत. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका. आपण होऊन विचारू नका.

पैशांचं. तिथे रिएल हे चलन असलं तरी डॉलर सगळीकडे चालतो. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल, आणि सुट्टे रिएलमध्येच परत मिळतात. व्हिसा आणि पास कार्डाने ऑनलाइन भरलेत तर तिघांसाठी ५०० डॉलर रोख पुरेत, हॉटेलचं वेगळं. डॉलर आपल्याकडच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि एक, पाच, दहा, वीसच्या नोटा मागून घ्या. प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. माझ्या वीसच्या एका नोटेला कडेला नखाएवढी चीर होती. आपल्याकडे अशी नोट कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही. तिथे फळवालीने हसून परत केली, औषधाच्या दुकानाने नाकारली, आणि सहा दिवसांनी ती माझ्याबरोबरच मुंबईला परत आली. फाटकी, लिहिलेली, डाग पडलेली नोट कुणी घेत नाही. तुम्हालाही सुट्ट्यात तशी नोट मिळाली तर नम्रपणे बदलून मागा.

फिरायला तिथली रिक्षा, म्हणजे मोटारसायकलला जोडलेली गाडी, जवळच्या देवळांसाठी दिवसाला साधारण १५ ते २० डॉलरला ठरते. गुडघ्यांसाठी ती मोटारीपेक्षा बरी, चढ-उतार सोपा. बांतेय स्रेयच्या दिवशी मात्र एसी गाडी करा. गावात ‘ग्रॅब’ आणि ‘पासॲप’ ही गाडी मागवायची ॲपं चालतात. सिमकार्ड विमानतळावरच घ्या, पासपोर्ट लागतो. आपली दोन पिनांची चार्जरं चालतात.

जेवणाची काळजी बरोबर आहे, पण उपाय आहे. मांस दिसतं आणि टाळता येतं. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची. माशाचा रस, ‘तुक त्रेय’, त्यांच्या प्रत्येक भाजीत आपल्या मिठासारखा पडतो. ‘प्राहोक’ ही आंबवलेल्या माशांची चटणीही तशीच. ‘व्हेज’ म्हटल्यावर पुष्कळदा मांसाचे तुकडे बाजूला काढलेली भाजी येते आणि आणणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नसतं. हॉटेलच्या स्वागतकक्षातून ख्मेर या तिथल्या लिपीत चिठ्ठी लिहून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, माशाचा रस नाही, कालवांचा सॉस नाही, अंडं चालत असेल किंवा नसेल तसं. लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवा. तोंडी सांगायला ‘म्होप बुअह’ म्हणजे व्रताचं, शाकाहारी जेवण. बौद्ध असल्यामुळे कल्पना त्यांना परकी नाही. टोफूचं आमोक मिळतं, नारळाच्या दुधातलं आणि केळीच्या पानातलं, कोकणातली माणसं बोटं चाटतील. सिएम रीपमध्ये भारतीय हॉटेलंही आहेत. तरी सकाळी लवकर निघायचं असतं, तेव्हा खोलीतल्या किटलीच्या भरवशावर उपम्याची आणि पोह्यांची पाकिटं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट एवढं न्या. पाणी बाटलीचंच प्या. मीठ-साखरेच्या पुड्या रोज पिशवीत हव्यात.

डास आहेत, डेंग्यू आहे, तेव्हा संध्याकाळी बाह्या लांब आणि हातापायाला मलम. देवळांतली माकडं हातातलं ओढतात आणि चावतात, नातवाला खाऊ हातात धरून हिंडू देऊ नका. प्रवास विमा काढताना दोन गोष्टी बघा: गुडघ्याचं ऑपरेशन आणि रक्तदाब वगैरे लपवलेलं नाही, आणि गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे. तिथे मोठं दुखणं आलं तर बँकॉकला नेतात. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर ११९, पोलिसांचा ११७. भारतीय दूतावास नोम पेन्हला आहे, त्याचा नंबर कागदावर लिहून तिघांच्या खिशात ठेवा.

डांबून ठेवल्याच्या बातम्या खऱ्या आहेत. ‘डेटा एंट्रीची नोकरी, भरपूर पगार, तिकीट आमचं’ असं सांगून तरुणांना नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावतात. आपल्या सरकारने अशा अनेकांना सोडवून आणलंय. परतीचं तिकीट घेऊन देवळं बघायला गेलेल्या आजी-आजोबांना त्याचा धोका नाही. पण तुमच्या शाळेतून शिकून गेलेल्या, नोकरी शोधणाऱ्या कुणाला असा निरोप आला तर तुम्ही त्याला थांबवा. तुमचं ऐकतील.

एक गोष्ट तुम्हाला शिक्षिका म्हणून जड जाईल. देवळांबाहेर सात-आठ वर्षांची मुलं पोस्टकार्ड, बांगड्या विकायला येतात, इंग्रजीत एक ते दहा म्हणून दाखवतात. त्यांच्याकडून काही घेऊ नका, पैसे देऊ नका, चॉकलेटंही नाही. अंगकोरच्या व्यवस्थापनाचीच तशी विनंती आहे. मूल दिवसाला जितकं कमावतं तितकं ते शाळेपासून लांब ठेवलं जातं. ‘अनाथाश्रम बघायला चला’ म्हटलं तर तेही नाकारा. द्यायचंच असेल तर मोठ्या माणसाच्या दुकानातून रेशमी पंचा घ्या, चालकाला चार डॉलर जास्त द्या.

आणि त्यांच्याशी बोला. नमस्काराला तेही हात जोडतात, त्याला ‘सम्पेअह’ म्हणतात. आभाराला ‘ऑरकुन’. अंगकोर हा शब्द आपल्या ‘नगर’वरून आलेला. वारांची नावं विचारा: रविवार ‘आतित’, सोमवार ‘चान’, बुधवार ‘पुत’, आणि मंगळवार ‘अंगकेआ’, म्हणजे आपला अंगारक. अंगारकीला गणपतीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला हे सांगितलंत तर तो विसरणार नाही.

साडीचं शेवटी. खुशाल नेसा. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत एवढाच नियम, आणि साडीत तो आपोआप पाळला जातो. सुती, हलकी, फिकट रंगाची घ्या, पायात पट्टे असलेली पक्की सॅंडल. फक्त बाकान चढायच्या दिवशी सलवार-कमीज घाला. त्या जिन्यावर दोन्ही हात कठड्याला लागतात, निऱ्या धरायला हात उरत नाही.